पुलाच्या चढावर बस मागे पडली

आईची स्कूटर वाहतूक पोलिसांच्या चौकीत अडकली ही बातमी रविवारच्या जेवणापर्यंत घरात सगळ्यांना कळली होती, पण प्रत्येकाला वेगवेगळी. ताईला वाटत होतं, कुठेतरी धडक झाली आणि आई लपवतेय. धाकट्याच्या कानावर आलं होतं की आईने हवालदाराला चार शब्द सुनावले. दादाला तर ती त्याच्या एका विद्यार्थ्यानेच सांगितली, तीही गाडी मागे घेण्याचा धडा चालू असताना. "सर, तुमच्या मातोश्रींची स्कूटर चौकीसमोर उभी आहे. लाल. मागे पडद्यांची पिशवी बांधलेली." दादाने शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक असा दाबला की विद्यार्थ्याला वाटलं आपलंच काही चुकलं. बिचाऱ्याने माफी मागितली.

ज्या घराच्या तळमजल्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी आहे, त्या घरातली बाई कागदपत्रांशिवाय सापडते म्हणजे काय! वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उभी केलेली ही शाळा. शहरातले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली क्लच सोडायला शिकले. अण्णा गेले, आणि दादा त्यांच्या खुर्चीत बसला, त्यांच्याच आवाजात "आरसा, आरसा बघा" म्हणू लागला. पाटीवर रंगाचा एक टवका उडाला तरी त्याला रात्री झोप येत नसे.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, टेबल मांडत होती. तीही शाळेत शिकवते, मुख्यतः दुचाकीवाल्यांना. तिच्याकडची रांग नवऱ्याकडच्या रांगेपेक्षा लांब आहे हे दोघांनाही माहीत आहे, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. तिने सूपच्या वाट्या ठेवल्या, भाजलेले बटाटे मधे सरकवले आणि मीठदाणी मुद्दाम टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवली. आज ती लागणार होती.

या घरात मीठदाणीला मान आहे. रस्त्यावरचा कोणताही वाद अण्णा या टेबलावर सोडवायचे. मीठदाणी म्हणजे आपली गाडी, मिरपूड म्हणजे समोरची, चमचे म्हणजे रस्ते आणि उपडी बशी म्हणजे गोल चौक. ज्याच्या हातात मीठदाणी त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी सूप थंड झालं तरी गप्प बसायचं. दादा, ताई, धाकटा, तिघंही असेच वाढले. लग्न होऊन आल्यावर वहिनीलाही महिन्याभरात मीठदाणी मिळाली. आईच्या हातात मात्र ती कधी आली नव्हती, कारण वाद रंगात यायचा तेव्हा आई ताटं उचलत असायची.

"आई कुठेय?" ताईने आल्या आल्या विचारलं. ताई विम्याच्या कचेरीत काम करते, त्यामुळे तिला प्रत्येक वस्तू मोडलेल्या अवस्थेतच दिसते.

"मागच्या खोलीत. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे उद्या द्यायचेत," वहिनी म्हणाली. "ताई, आधी एक ऐक. ओरडायचं नाही."

"मी कशाला ओरडू? दादाने सगळं ठरवलंच आहे ना. उद्या टेम्पो चौकीवर जाईल, तिथूनच स्कूटर दुकानदाराकडे परत."

वहिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला. "कसला टेम्पो?"

ताईच्या लक्षात आलं की आपण बोलून बसलो. तिने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीकडे बघत होता, जणू बाहेर कोणी गाडी चुकीची लावली आहे.

"अहो, कसला टेम्पो?"

"जेवल्यावर सांगणारच होतो," दादा म्हणाला.

"कोणाला? आईंना की मला?"

"दोघींना. एकत्रच. एकाच वेळी ओरडा खाल्लेला बरा."

तेवढ्यात आई आली. गळ्यात मापाची फीत, केसांत दोऱ्याचा एक तुकडा. तिच्या मागून धाकटा. धाकटा वीजकाम करतो. लहानपणी त्याने उत्सुकतेपोटी अख्ख्या घराचे दिवे घालवले होते, तेव्हापासून घरात त्याचं नाव फ्यूज पडलं आहे. आज तो फार गोड वागत होता. आईची खुर्ची ओढून दिली, पाणी भरलं, ताईला "बारीक झालीस" म्हणाला. वहिनीने हे सगळं पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

सूप अर्धं संपेपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग दादाने मीठदाणी स्वतःकडे ओढली.

"कायदा सरळ आहे," तो म्हणाला. "मोटर आहे म्हणजे मोटारगाडी. मोटारगाडी म्हणजे नंबर, लायसन्स, विमा. आईकडे यातलं काहीच नाही. पोलिसाने बरोबर केलं."

"चूक," ताई म्हणाली आणि हात पुढे केला. दादाने नाइलाजाने मीठदाणी दिली. "विजेवर चालणारी छोटी स्कूटर सायकल धरतात. आमच्याकडे लोक रोज विचारायला येतात. विमा लागत नाही, लायसन्स लागत नाही. पोलिसाचंच चुकलं. पण तरी मी दादाच्या बाजूने आहे. विकून टाका. कायद्याने चालतं म्हणून हाड मोडायचं थांबतं का?"

"म्हणजे दोघांचे कायदे वेगळे, पण टेम्पो एकच," वहिनी म्हणाली.

"कसला टेम्पो?" आईने विचारलं.

 धाकट्याने घाईघाईने मीठदाणी घेतली. "हे बघ, सगळं मोटरच्या ताकदीवर असतं. मागच्या चाकाजवळ पट्टी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं. आईच्या स्कूटरवर लहान मोटरची पट्टी आहे. म्हणजे ताई बरोबर. पट्टी दाखवायची आणि स्कूटर घेऊन यायची. मी जातो उद्या. एकटाच जातो."

"एकटाच का?" वहिनी म्हणाली.

"तुम्हाला कामं असतात."

वहिनी उठली. "थांबा. आपल्याकडे शाळा आहे ना? वाहतूक खात्याचं पुस्तक कुठेय?"

दादाने कपाटातून अण्णांच्या वेळचं पुस्तक आणलं. कोपरे झिजलेले, पानांवर अण्णांच्या पेन्सिलीच्या रेघा. विद्यार्थ्यांना अजून ह्यातूनच शिकवलं जात होतं. वहिनीने पानं उलटली. त्यात बैलगाडी होती, मोपेड होती, रस्त्यावर मेंढरं आली तर काय करावं हेही होतं. विजेची स्कूटर नव्हती.

"खात्याने नवीन पुस्तकं पाठवली होती," ती म्हणाली. "गठ्ठा आला होता. मीच सही केली होती."

"ठेवलाय कुठेतरी," दादा म्हणाला.

"माझ्या टेबलाखाली आहे," आई शांतपणे म्हणाली. "कापायच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. मी तुला म्हटलं होतं सुताराला बोलव. तू म्हणालास, हा गठ्ठा लाव तात्पुरता."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. अख्ख्या शहराला वाहतुकीचे नियम शिकवणारं घर, आणि नवे नियम टेबलाच्या पायाखाली! धाकटा गठ्ठा काढायला मागे गेला. तिकडून कात्री पडल्याचा आवाज आला, मग टेबल कलल्याचा. दादाचे कान लाल झाले होते. आतापर्यंत त्याच्या बाजूने असलेली ताई म्हणाली, "दादा, उद्या त्या पोलिसाने तुलाच परीक्षेला बसवलं तर?" बोलताना तिने खुर्ची थोडी वहिनीकडे सरकवली.

वहिनीने वर्गात वाचतात तसं वाचलं. कधीच न उलटलेली पानं एकमेकांना चिकटलेली होती. मोटर लहान असेल आणि गाडी ताशी पंचवीसच्या वर जात नसेल तर ती सायकलीसारखी. नंबर नको, लायसन्स नको. डोक्यावर हेल्मेट हवं, गाडीवर माणूस एकच, सायकलपट्टी असेल तिथे पट्टीवरून, नसेल तिथे रस्त्याच्या कडेने, फुटपाथवर अजिबात नाही. पंचवीसच्या वर गेली तर ती मोटारगाडी. मग नंबर, विमा, लायसन्स, सगळं.

"म्हणजे आम्ही तिघंही थोडे थोडे बरोबर," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "दुकानदाराने आईला पंचवीसचीच दिली होती. मिटलं!"

"मग पोलिसाने अडवलं कशाला?" दादाने विचारलं. शिकवणाऱ्या माणसाला हे बरोबर खटकतं. "आई, नेमकं काय झालं ते सांग."

आईने तोंड पुसलं. सगळे आपल्याकडे बघत आहेत हे तिला आवडलं होतं, आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. तिने सरळ हात लांब करून मीठदाणी उचलली.

"मी पडद्यांची मापं घेऊन परत येत होते," ती म्हणाली आणि मीठदाणी चमच्यावर ठेवली. "हा पूल. इथे चढ लागतो. पुढे बस." तिने मिरपूड पुढे ठेवली. "बस हळू. माझ्या तोंडावर सगळा धूर. म्हटलं, किती वेळ खायचा हा धूर? आरसा बघितला, मागे बघितलं, दिवा दाखवला आणि..." मीठदाणी मिरपुडीच्या बाजूने ऐटीत पुढे निघून गेली. "बसवाल्याने मान वळवून बघितलं माझ्याकडे! खाली उतरले तर चौकीसमोर पोलीस उभा. मला वाटलं शाबासकी द्यायला थांबवतोय."

दादाने सूपची वाटी बाजूला सारली.

"आई," दादा हळूच म्हणाला, "बस त्या चढावर चाळीसने जाते."

"असेल."

"तुझी स्कूटर पंचवीसची आहे. पंचवीसची गाडी चाळीसच्या गाडीला मागे कशी टाकेल?"

"आकडा मी बघत नाही. रस्ता बघते. तुमच्या अण्णांचंच वाक्य आहे ते," आई म्हणाली. "मध्यंतरी एकदम चांगली पळायला लागली खरी. मला वाटलं बॅटरी रुळली."

चार माना एकाच वेळी वळल्या. धाकटा बटाटा सोलत होता. भाजलेला, आधीच सोललेला बटाटा.

"फ्यूज," वहिनी म्हणाली.

"एक वायर असते," धाकटा म्हणाला. त्याला कधीच फार वेळ खोटं बोलता येत नसे, ते त्याच्या धंद्यासाठी चांगलं होतं. "वेग बांधून ठेवलेला असतो. ती काढली की सुटतो. फक्त एक वायर, दादा."

"तू वायर काढलीस? आईच्या गाडीची?" ताई उभीच राहिली. "आणि माझ्यापुढे पट्टी पट्टी करत होतास! विम्याच्या कचेरीतली मी, आणि माझी आई चाळीसने उडतेय, विना विमा!"

"तिच्या मागे ट्रक लागायचे! पुलावर सायकलपट्टी नाही. ती पंचवीसने चढायची आणि मागून सगळे हॉर्न वाजवायचे. एक दिवस घरी आली ती पिशवी दारातच टाकून खाली बसली. मला बघवलं नाही." धाकट्याचा आवाज चढला आणि मग बसला. "मला वाटलं, जरा वेग असला तर निसटेल बिचारी."

वहिनी मघापासून त्याची वकिली करायला तयार होती. तिने पुस्तकात बोट घालून पुढची ओळ शोधली आणि वाचली. बांधलेला वेग सोडवलेली गाडी पट्टीवर काहीही लिहिलेलं असो मोटारगाडी धरली जाईल, आणि मान्यता नसल्यामुळे तिला नंबरही मिळणार नाही. "म्हणजे ही आता सायकलही नाही आणि मोटारही नाही," ती म्हणाली. "रस्त्यावर हिला जागाच नाही. वा रे भाऊजी!"

सगळी गणितं पुन्हा बदलली. ताई झटक्यात दादाकडे परतली. वहिनी धाकट्यावर चिडली आणि त्यामुळे नकळत तीही दादाच्या जवळ गेली. दादाला बऱ्याच वेळाने पायाखाली घट्ट जमीन लागली. त्याने घसा साफ केला.

"म्हणूनच मी टेम्पो सांगितलाय. आई, उद्या स्कूटर परत जाईल. तुला कुठे जायचं असेल तर सांग, आम्ही कोणीतरी सोडू. चार गाड्या आहेत दारात." आणि बोलता बोलता, सवयीनेच, तो टेबलावर वाकला. "आणि मुळात असं वळून पुढे काढायचंच नसतं चढावर. बघ, बसच्या मागे इतकं अंतर..." त्याने आईच्या हातातून मीठदाणी घेतली.

"हात," आई म्हणाली.

ती ओरडली नाही. पण दादाचा हात जागच्या जागी थांबला.

"ठेव ती. माझ्या हातात होती."

दादाने मीठदाणी खाली ठेवली. आईने ती पुन्हा उचलली आणि मुठीत धरली. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं, एवढ्याशा वस्तूचा एवढा राग यावा याचं. पण राग मीठदाणीचा नव्हताच, तो फार जुना होता.

"अण्णांनी मला गाडी शिकवायला घेतली होती, ती गोष्ट तुम्ही सगळे हसत हसत सांगता," ती म्हणाली. "पहिल्याच वळणावर आई भर रस्त्यात गाडी सोडून चालत घरी आली. पाहुण्यांना पण सांगता. कोणी कधी विचारलं, का आले ते?"

कोणी विचारलं नव्हतं. ताईला आठवलं, ती गोष्ट तिने कचेरीतही सांगितली होती.

"औषधाच्या दुकानापाशी वळायचं होतं. मी बरोबर वळत होते. फुटपाथवर त्यांचा एक विद्यार्थी उभा होता, तो हात करून हसला. त्याच्यासमोर तुमच्या अण्णांनी माझ्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं. न बोलता. जसं काही मी तिथे नव्हतेच. मग मी खरोखरच तिथे राहिले नाही." तिने श्वास घेतला. "माणूस वाईट नव्हता. घाबरट होता. पण त्यानंतर मी आयुष्यभर पिशवी घेऊन दारात उभी राहिले. कोण मोकळं आहे, कोण सोडतंय? आता निघतो, पाच मिनिटं, हा धडा संपू दे. चार गाड्या दारात, आणि मी माझी मापाची फीत घेऊन बसच्या थांब्यावर! त्या स्कूटरवर बसल्यापासून मी एकदाही कोणाची वाट बघितलेली नाही. मला स्कूटर नको असेल तर सांगेन. अजून तरी हवी आहे."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते खुशाल येऊ दिलं. ताई आपल्या वाटीकडे बघत बसली. तिला लहानपणच्या शाळेचं फाटक दिसत होतं. सगळ्यांचे आईबाप येऊन जायचे, आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची मुलगी शेवटी एकटी उरायची, रखवालदाराबरोबर. अण्णा कोणातरी दुसऱ्याला वेळेत पोचायला शिकवत असायचे.

"दादा," ती म्हणाली, "टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळव."

"ताई, मघाशी तूच..."

"मघाशी मी हाडांचा विचार करत होते. कळव म्हटलं ना."

दादा एकटा पडला. मोठ्या मुलाला एकटं पडायची सवय नसते, त्याला वाटत असतं की तो नेहमी सगळ्यांच्या वतीने बोलतोय. त्याने एकेकाकडे बघितलं आणि मग, जे तो दोन दिवस पाटीच्या अब्रूआड लपवत होता, ते बाहेर पडलं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "पाटीचं जाऊ दे. मी दिवसभर रस्त्यावर असतो. लोक कसे चालवतात ते मी बघतो. आणि त्या सगळ्यांमधून तू एकटी, पडद्यांची पिशवी बांधून. अण्णा गेले. आता तू पण..." 

आईने त्याच्या ताटात एक बटाटा वाढला. या घरात याहून मोठं सांत्वन कोणी कधी केलेलं नाही.

"भीती वाटू दे," ती म्हणाली. "मलाही वाटते. पण म्हणून माझ्या हातातलं काढून घ्यायचं नाही. आता सांगा, कायद्याने काय करता येतं?"

मग खरी बैठक बसली. वहिनीने पुस्तक पुन्हा उघडलं आणि यावेळी सगळे गप्प बसून ऐकत होते, दादासुद्धा. धाकट्याने वायर परत जोडायची, वेग बांधायचा, दुकानदाराकडून तपासून घ्यायचा आणि चौकीत जाऊन आपलं काम कबूल करायचं. दंड झाला तर त्याचा. मग स्कूटर पुन्हा पंचवीसची, आणि आई पुन्हा कायद्यात. पुलाच्या चढाऐवजी खालच्या जुन्या पुलावरून जायचं, तिथे सायकलपट्टी आहे. जरा लांब पडतं.

"आणि मला बसच्या पुढे जायचं असेल तर?" आईने विचारलं.

"तर पंचवीसच्या वरची गाडी. नंबर, विमा," ताई म्हणाली. "विमा मी बघते."

"आणि लायसन्स," दादा म्हणाला.

"मग काढते लायसन्स. घरात शाळा आहे ना?"

दादा आपसूक ताठ बसला. "मी शिकवेन तुला."

"तू नाही," आई आणि वहिनी एकदमच म्हणाल्या, आणि मग दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी चौकीतल्या तरुण पोलिसाने चाक उचलून वेग तपासला, धाकट्याचं नाव लिहून घेतलं आणि वायर जोडताना तो किती ओशाळला आहे ते पाहून त्याला पाणी दिलं. "आजी," तो आईला म्हणाला, "बसच्या पुढे काढलंत ते मात्र पद्धतशीर. दिवा वगैरे दाखवून."

"माझ्या घरी शाळा आहे," आई म्हणाली.

तिने वहिनीचं शिकवायचं हेल्मेट घातलं होतं, ज्याच्या आत कानापाशी छोटा स्पीकर असतो. शिकवणारा मागून येणाऱ्या गाडीत बसून माईकवर बोलतो आणि शिकणाऱ्याला ऐकू येतं, त्याचं बोलणंही गाडीत ऐकू येतं. एरवी याची काही गरज नव्हती, पंचवीसच्या गाडीला शिक्षक लागत नाही. पण दादाने सकाळी चहा पिताना एवढंच मागितलं होतं, की घरापर्यंत मागून येऊ दे. आईने अट घातली. मागून ये, पण बोलायचं नाही.

दादा शाळेच्या गाडीत, शेजारी वहिनी. पुढे लाल स्कूटर, तिच्यावर ताठ पाठ आणि पडद्यांची पिशवी. ती जुन्या पुलाच्या पट्टीवरून आरामात निघाली. दादा शेजारच्या रस्त्याने तिच्या वेगाने चालवत होता. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा दादा रस्त्यात इतरांची अडचण झाला होता. वरच्या मोठ्या पुलावरून बस धूर सोडत निघून गेली.

"गेली का रे ती?" गाडीत आईचा आवाज आला.

दादाने बटण दाबलं. "गेली."

"बोलायचं नाही ठरलं होतं. जाऊ दे तिला. लायसन्स येऊ दे, मग बघते तिच्याकडे."

वहिनीने तोंडावर हात धरला. पूल संपला. पट्टी रस्त्याला मिळाली आणि समोर औषधाच्या दुकानाचं वळण आलं. दुकानाची पाटी बदलली होती, वळण तेच होतं. पलीकडून एक व्हॅन येत होती. दादाचा अंगठा बटणावर गेला. वेग कमी कर, दिवा दाखव, मागे बघ, व्हॅन जाऊ दे. सगळे शब्द तोंडात तयार होते, अण्णांच्या आवाजात. आईच्या स्कूटरचा दिवा अजून लागला नव्हता.

"अहो," वहिनी हळूच म्हणाली.

दादाने माईक तिच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात स्वतःच्या स्टिअरिंगवर घेतले.

आईने वेग कमी केला. मान वळवून मागे पाहिलं. दिवा लागला. तिने व्हॅनला जाऊ दिलं, मग सावकाश, पिशवीसकट, वळली.

"वळले बघ," तिचा आवाज आला.

"बघितलं," दादा म्हणाला. माईक बंद होता, तिला ऐकू गेलं नाही. तोही मग वळला, आणि घरापर्यंत तिच्या मागेच राहिला.